वारसाची बंदूक: लेखातल्या दोन चुका

बंदुकीच्या परवान्यावरच्या एका लेखात 'वडिलांची बंदूक वारसाला आपोआप मिळते' असं वाक्य आहे. ते घातक आहे. परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नव्हे. धारक वारला की बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, मग वारसाने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करायचा. आपल्याकडे तो कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. बंदूक जमा केल्याची पावती घेताना तिच्यावर लिहिलेला बंदुकीचा क्रमांक परवान्याशी ताडून बघाच. जुन्या बारा बोरच्या (छऱ्यांच्या) बंदुकीवर एखादा आकडा झिजलेला असतो, ३ चा ८ लिहिला जातो आणि फाईल तिथंच अडते.

धारक हयात असला तरी वय ७० झाल्यावर किंवा २५ वर्षं बाळगल्यावर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार बंदूक वारसाच्या नावे करता येते. तेच सोयीचं.

दुसरी चूक: एका माणसाला तीन बंदुका बाळगता येतात, असं लेख म्हणतो. ती मर्यादा आता तीनची नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच, वारशाची धरून. (नेमबाजांना वेगळी सूट आहे.)

आणि कायद्यातलं 'प्रतिबंधित' शस्त्र म्हणजे आकाराने मोठी बंदूक नव्हे हो! .३२ बोरचं पिस्तूल जिल्ह्याच्या परवान्यावर चालतं, ९ मिमीचं नाही, ते प्रतिबंधित. त्याला केंद्रीय गृहमंत्रालय लागतं. असं प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना सापडलं तर किमान ७ वर्षं कैद.