अवघड भाषा, पण कोणाला?

परवा पुतण्याने फॅमिली ग्रुपवर "जगातल्या सर्वात कठीण भाषा"वाली लिस्ट टाकली, जपानी एक नंबरला, आणि खाली विचारतो, काका जपानीचा क्लास सोडू काय? अरे बाबा, असल्या लिस्टा बहुतेक वेळा अमेरिकेच्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटच्या आकड्यांवर उभ्या असतात, म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्याला भाषा यायला किती तास लागतात त्याचा हिशेब. स्पॅनिशला ६००-७५० तास, जपानी, अरबी, चिनीला २२००. तू काय बोस्टनवरून आलायस? कुडाळचो मां तू?

मराठी माणसाला जपानी वाक्य वाकडं वाटतच नाही. 'वाताशी वा गोहान ओ ताबेमास', मी भात खातो, क्रियापद गुमान शेवटी, आणि ते ओ, नी, दे आपल्या ला, त, ने सारखे शब्दाच्या मागे येऊन बसतात. इंग्रजीवाल्याला सगळं उलटं करून बोलावं लागतं. कांजी (चिनीतून आलेली अक्षरं) मात्र डोकं खाते हे मान्य, २०१० च्या सरकारी यादीत २१३६ आहेत आणि एकेकीचे उच्चार दोन-तीन, तिथे मराठीचा काय उपयोग नाय. (चिनी पोरं तिथेच पुढे जातात.)

मी जर्मन शिकत होतो तेव्हा डेर-डी-दासवरून (नामाआधी लागणारे तीन लिंगांचे तीन शब्द) हिंदीवाली पोरं रडायची, तिसरं लिंग आणायचं कुठून म्हणून. आपल्याला तो-ती-ते पाळण्यातलं, त्यामुळे मी जरा हवेत, आणि तिथेच आपटलो कारण चंद्र त्यांचाही पुल्लिंगी पण सूर्य, 'डी झोने', चक्क बाई! मग मुलगी आली, 'दास मेडशेन', नपुंसकलिंगी, अख्खा वर्ग हसला, मी नाय हसलो. आमची आजी जन्मभर मालवणीत "ता चेडू खंय गेला?" असंच विचारायची, चेडू म्हणजे मुलगी, आणि तीही नपुंसकलिंगीच.

आता उलट बघा. तारकर्लीला होमस्टेवर एक जर्मन पाहुणा भेटला, देवनागरी फटाफट वाचायचा, पण चार आणि चारा यातला च वेगळा का म्हणून मलाच विचारतो. वर फणस खाल्ला, कैरी खाल्ली, केळं खाल्लं, खाणारा तोच मग क्रियापद फळाकडे बघून का बदलतं? चाळीस वर्षं खातोय मी, कधी लक्षातच आलं नव्हतं.

पुतण्याला कळवलंय, क्लास सोडायचा नाय. कांजीचं तेवढं तुझं तू बघ.