फीमाफी आणि विलायतेतल्या शिकलेल्या बायका

महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) गटांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं. आमच्या घरच्या ग्रुपवर त्यावरून अजून खडाजंगी होते. एक काका ठाम आहेत: फुकटाची किंमत राहत नाही, तिकडे विलायतेत बघा, बायका स्वतःच्या हिमतीवर शिकल्या. मी राहते इंग्लंडातल्या चेल्टनहॅमला, त्यामुळे हे निमूटपणे ऐकवत नाही.

इथलं लेडीज कॉलेज, म्हणजे मुलींची शाळा, १८५३चं. १८५८ साली डोरोथिआ बील मुख्याध्यापिका झाल्या तेव्हा मुलींना गणित-विज्ञान शिकवतो म्हटलं तर पालक नाव काढून नेतील अशी धास्ती होती. बीलबाईंनी विज्ञान 'प्राकृतिक भूगोल' या नावाखाली वर्गात आणलं. भूगोलाला कुणाची हरकत नव्हती, कारण मुलगेही तो फारसा शिकत नसत. आपल्याकडच्या बायकांना ही युक्ती समजावून सांगायला नको! मात्र दुकानदारांच्या मुलींना इथे दार बंद होतं. आजही निवासी विद्यार्थिनीची वर्षाची फी पन्नास हजार पौंडांच्या वर आहे, त्यामुळे 'आदर्श' वगैरे शब्द मी वापरणार नाही.

हिमतीचं म्हणाल तर ती होतीच, पण तिला परीक्षा आणि पैसा मिळाला तेव्हाच काही हाती लागलं. मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या एमिली डेव्हिस यांनी खटपट करून १८६३ मध्ये केंब्रिजची शालेय परीक्षा प्रयोग म्हणून मुलींना द्यायला लावली. मोठ्या वयोगटातल्या बहुतेकजणी अंकगणितात आपटल्या. लंडनमध्ये मुलींची शाळा चालवणाऱ्या फ्रान्सिस बस यांनी दोष मुलींना न देता आपल्या शिकवण्याला दिला आणि अंकगणित नीट शिकवायला घेतलं. पुढे १८६९च्या कायद्याने, मुलांच्या शाळांकडेच जाणाऱ्या जुन्या देणग्यांतला वाटा मुलींच्या शाळांकडे वळवता येऊ लागला. म्हणजे काकांच्या भाषेत फुकटचाच पैसा. त्याच वर्षी डेव्हिसबाईंनी हिचिनला भाड्याच्या घरात पाच विद्यार्थिनींना ठेवून कॉलेज सुरू केलं, तेच पुढचं केंब्रिजचं गर्टन कॉलेज. आधी राहायची सोय, मग पदवीचं भांडण. ते भांडण लांबलं: १८९७ मध्ये केंब्रिजच्या पोरांनी सायकलवर बसवलेला बाईचा पुतळा भर रस्त्यावर टांगला, आणि पूर्ण पदवी मिळायला १९४८ उजाडलं.

याच चेल्टनहॅमच्या कॉलेजात पंडिता रमाबाई १८८४ पासून शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असं बीलबाईंच्या मनात आलं, तर हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी मोडता घातला: बाईने पुरुषांना शिकवणं बरं दिसत नाही. रमाबाई चिडल्या. माझ्या वडिलांना नाही, नवऱ्याला नाही, मग या इंग्रजांना हरकत का, असा त्यांचा सवाल होता. काकांचं 'तिकडे' आणि 'इकडे' या एका पत्रव्यवहारात उलटंपालटं होतं. पुढे त्यांनी शारदा सदन काढलं तेही निवासी, कारण विधवा मुलीला शिकवायचं तर आधी तिला राहायला घर हवं.

म्हणून फीमाफीवर टीका करायचीच तर ती अपुरी आहे म्हणून करा. लातूरच्या मुलीची पुण्यातल्या कॉलेजची फी शून्य झाली तरी खोली आणि मेस या माफीत नाही. निर्वाह भत्त्याच्या योजना वेगळ्या आहेत, पण त्या भत्त्यात पुण्यातलं भाडं भागवून दाखवावं कुणी. बाप 'नको' म्हणतो तो बहुधा 'राहणार कुठे?' याच मुद्द्यावर. मुलींच्या सरकारी वसतिगृहांत यंदा किती खाटा वाढल्या, हे ग्रुपवर अजून कुणी विचारलेलं नाही.