पाणी नितळ झालं, पण मिशिगन सरोवर सुधारलं का?

एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकन तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरमधून मिशिगन सरोवराचे (उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ओंटारियो या पाच महासरोवरांपैकी एक) काही फोटो काढले गेले. निळ्याशार पाण्याखाली बुडालेल्या जुन्या जहाजांचे सांगाडे वरून लख्ख दिसत होते. त्यातलं 'जेम्स मॅकब्राइड' तर १८५७ साली बुडालेलं. हे फोटो जगभर फिरले आणि अजूनही फिरतात. सोबतच्या मजकुराचा सारांश असा: घाण झालेलं सरोवर इवल्याशा शिंपल्यांनी फुकटात साफ केलं, आता तिथे मासेही भरपूर आहेत, निसर्ग आपलं आपण सावरून घेतो, मग आपल्या तलावांत हे शिंपले का सोडत नाहीत?

फोटो खरे आहेत. मजकूर मात्र दिशाभूल करणारा आहे, आणि शेवटची सूचना अमलात आणली तर धोकादायकही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

दावा १: पाणी काचेसारखं, म्हणजे सरोवर निरोगी

आधी वेळेचा मुद्दा. बर्फ नुकतंच वितळलंय आणि शेवाळ अजून वाढलेलं नाही, अशा दिवसांतले हे फोटो आहेत. पण तेवढ्यावर हा दावा निकालात काढणं योग्य नाही, कारण सरोवर खरोखरच पूर्वीपेक्षा नितळ झालंय. १९९८ ते २०१२ या काळातल्या उपग्रह चित्रांचा अभ्यास झाला, तेव्हा मिशिगन आणि ह्युरॉन ही सरोवरं सुपीरियरपेक्षाही पारदर्शक झाल्याचं दिसलं. पूर्वी पाचही महासरोवरांत सुपीरियर सगळ्यात नितळ मानलं जायचं.

पारदर्शकता मोजतात कशी, तर सेकी तबकडीने. साधारण २० सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडत जायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहून घ्यायची. यातून प्रकाश किती खोल जातो एवढं कळतं. पाण्यात काय विरघळलंय आणि पाण्यातून काय नाहीसं झालंय, हे तबकडी सांगत नाही.

आणि इथे नाहीशी झालेली गोष्ट म्हणजे अन्न. किनाऱ्यापासून दूर, भर सरोवरात पाणी गढूळ करतात ती मुख्यतः सूक्ष्म शेवाळं. मिशिगन सरोवराच्या दक्षिण भागात दर वसंतात डायटम जातीच्या शेवाळांचा मोठा बहर यायचा. त्यावर प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, जगायचे, त्यांच्यावर माशांची पिल्लं. मजकुरातले ते शिंपले, मुख्यतः क्वागा जातीचे, पसरल्यावर काही वर्षांतच तो बहर जवळपास संपला. सुपीरियर मुळातच थंड आणि कमी पोषक द्रव्यांचं सरोवर आहे, तिथला नितळपणा त्याचा स्वतःचा. मिशिगनचा नितळपणा उपासमारीतून आलेला आहे. तबकडीवर दोन्हीकडे आकडा सारखाच येऊ शकतो.

दावा २: शिंपल्यांनी घाण खाल्ली

हे शिंपले मूळचे काळ्या समुद्राच्या परिसरातले. रिकाम्या जहाजाचा तोल राहावा म्हणून टाक्यांत पाणी भरतात, त्या पाण्यातून ते अमेरिकेत पोचले. झेब्रा शिंपला १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात सापडला, त्याचा भाऊबंद क्वागा १९९७ मध्ये मिशिगनमध्ये. झेब्राला चिकटायला खडकासारखं काही टणक लागतं. क्वागा मऊ गाळावर, थंड आणि खोल पाण्यातही पसरतो, म्हणून तो सरोवराचा तळ व्यापू शकला. नखाएवढा एक शिंपला दिवसाला लिटरभरापर्यंत पाणी गाळतो.

पण गाळून घेतो ते शेवाळ. शेवाळाला वाढवणारं पोषक द्रव्य, म्हणजे पाण्यातला फॉस्फरस, त्यामुळे कुठे जात नाही. तो शिंपल्यांच्या शरीरात साठतो आणि विष्ठेतून परत तळाशी येतो. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की मिशिगनच्या पाण्यात फॉस्फरस किती राहणार, हे आता नद्या काय आणतात यापेक्षा क्वागा काय करतात यावर जास्त ठरतं. मला या सगळ्यातली ही सर्वांत गंभीर गोष्ट वाटते. शेतातून आणि गटारातून येणारा फॉस्फरस कमी केला की सरोवर प्रतिसाद देतं, या हिशोबावर पन्नास वर्षांचं धोरण उभं होतं. आता त्या हिशोबात एक असा भागीदार घुसलाय, ज्याच्यावर कुणाचंच नियंत्रण नाही.

किनाऱ्याजवळ तर उलटंच घडतं. नितळ पाण्यामुळे ऊन खोलवर पोचतं, शिंपल्यांच्या विष्ठेतून खत मिळतं आणि क्लॅडोफोरा नावाचं केसाळ शेवाळ खडकांवर माजतं. ते तुटून तळाशी कुजलं की प्राणवायू संपतो आणि बॉटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जीवाणू विष तयार करतात. शिंपले खाणारा गोबी मासाही बाहेरूनच आलेला. त्याच्यामार्फत ते विष पक्ष्यांपर्यंत जात असावं, असं संशोधक मानतात. स्लीपिंग बेअर ड्यून्सच्या किनाऱ्यावर २००६ पासून लून आणि इतर पाणपक्षी अशा विषबाधेने मरून पडलेले सापडले. व्हायरल फोटोंतली जहाजं बुडालेली आहेत ती याच किनाऱ्यालगत.

पाणी सुधारण्यात माणसाचाही वाटा आहे, तो मजकुरात कुठेच नाही. अमेरिका आणि कॅनडाने १९७२ मध्ये पाण्याच्या गुणवत्तेचा करार केला, साबणांतला फॉस्फेट कमी केला, सांडपाणी शुद्धीकरणावर भरपूर पैसा खर्च केला. त्याचं श्रेय शिंपल्यांना देऊ नये.

दावा ३: मासे भरपूर आहेत

कुठले मासे, हे विचारल्याशिवाय या वाक्याला अर्थ नाही.

संशोधन-नौकेवरून तळाचा गाळ काढायला लोखंडी जबड्याचं यंत्र सोडतात. तो गाळ चाळणीवर धुतला की जे उरतं ते मोजायचं. काही दशकांपूर्वी त्या चाळणीत डायपोरिया वळवळताना दिसायचे. जवळ्याहूनही लहान, चरबीने भरलेला हा जीव एका चौरस मीटरमध्ये हजारोंनी असायचा, आणि व्हाइटफिशचं ते मुख्य खाद्य होतं. आज मिशिगनच्या बहुतेक भागात चाळणीवर शिंपलेच शिंपले येतात. डायपोरिया नेमके कशामुळे गेले यावर शास्त्रज्ञांत अजून चर्चा आहे, पण शिंपले येणं आणि ते जाणं पाठोपाठ घडलं. त्यानंतर व्हाइटफिश हाडकुळे झाले, आणि आता मिशिगन-ह्युरॉनमध्ये त्यांची पिल्लंच फारशी जगत नाहीत. अमेरिकन सरकारशी झालेल्या १८३६ च्या तहाने मासेमारीचा हक्क राखून ठेवलेल्या अनिशिनाबे या मूळनिवासी लोकांसाठी हा मासा पोटापाण्याचा आहे आणि त्यांच्या संस्कृतीचाही.

सगळ्याच माशांचं वाईट झालं, असंही नाही. ह्युरॉनमध्ये २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ हा बाहेरून आलेला मासा कोसळला. त्याच्यावर जगणारा सॅमनही गेला. पण देशी लेक ट्राउट आणि वॉलाय यांना त्यामुळेच मोकळीक मिळाली. ईरी सरोवरात गेल्या काही वर्षांत वॉलाय खरोखर मुबलक आहे. याच ईरीत ऑगस्ट २०१४ मध्ये मायक्रोसिस्टिस या विषारी निळ्या-हिरव्या शेवाळामुळे टोलीडो शहर आणि परिसरातल्या जवळपास चार-पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं होतं. उकळूनही उपयोग नव्हता. जाळ्यात मासे आणि नळाला विष, दोन्ही एकाच सरोवरात असू शकतं. १९७३ पासून मिशिगनमध्ये ठरावीक पद्धतीने जाळी ओढून छोट्या माशांचा साठा मोजला जातो. किती मासे यासोबत कोणते, किती वयाचे, किती भरलेले, याही नोंदी लागतात.

दावा ४: नितळ पाण्यातला मासा बिनधास्त खावा

पीसीबी (कारखान्यांत वापरली जाणारी विषारी रसायनं) आणि पारा पाण्यात मिसळले तरी डोळ्यांना दिसत नाहीत. पीसीबीच्या उत्पादनावर अमेरिकेत १९७९ मध्ये बंदी आली, माशांतलं प्रमाण तेव्हापासून बरंच उतरलं, पण मोठ्या आणि चरबीदार माशांत ते अजून सापडतं. कुठला मासा महिन्यातून किती वेळा खावा, याच्या सरकारी सूचना आजही निघतात. तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांनी गळ टाकण्याआधी त्या जरूर वाचाव्यात, विशेषतः घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर.

दावा ५: निसर्ग आपलं आपण सावरून घेतो

याच सरोवरांत सी लॅम्प्रे नावाचा जबडा नसलेला, दातेरी गोल तोंडाने माशांना चिकटून रक्त शोषणारा जीव शिरला. मिशिगनमध्ये तो १९३६ मध्ये दिसला आणि पुढच्या दोन दशकांत तिथला लेक ट्राउट संपला. हजारो रसायनं तपासल्यावर त्याच्या अळ्या मारणारं एक औषध हाती लागलं. १९५८ पासून ते नद्यांत सोडलं जातंय आणि लॅम्प्रेची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी खाली आली. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे हे काम कमी झालं, आणि पुढच्या वर्षांत लॅम्प्रे पुन्हा वाढले. निसर्गावर सोडून दिलं की काय होतं, याचं उत्तर दोन वर्षांच्या खंडातच मिळालं.

सूचना: हे शिंपले आपल्या तलावांत सोडा

बाहेरचा जीव सोडून बघण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. मूळची आफ्रिकेतली चिलापी भारतात १९५२ मध्ये आणली गेली. आज उजनीच्या जाळ्यांत काय येतं, हे भिगवणच्या बाजारात जाऊन पाहावं.

शिवाय शिंपले नेमकं नको तेच शिल्लक ठेवतात. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी झेब्रा शिंपले मायक्रोसिस्टिस कसे खातात याचं चित्रीकरण केलं. शिंपले ते आत घ्यायचे आणि बरेचदा न पचवता परत बाहेर टाकायचे. स्पर्धक शेवाळं खाल्ली जायची आणि विषारी शेवाळाला रान मोकळं व्हायचं. आपल्याकडच्या सांडपाण्याने हिरव्या झालेल्या तलावांत माजतं ते बहुतेकदा याच गटातलं शेवाळ. मिशिगनएवढ्या सरोवरातून क्वागा काढून टाकण्याचा मार्ग अजून कुणाला सापडलेला नाही. रंकाळ्यासारख्या तलावात येणारं सांडपाणी मात्र नाल्याच्या तोंडाशी अडवून शुद्ध करता येतं, आणि त्यासाठी कुठलाही शिंपला लागत नाही.