‘आयटमटाइप लावा, चुका बिल्डमध्येच सापडतील’: खरंच?

जुनी वेब फॉर्म्सची (मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमधली पानं बनवायची पद्धत) अ‍ॅप्स सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरतो: रिपीटरला (यादीतली प्रत्येक नोंद दाखवणारा घटक) आयटमटाइप द्या, म्हणजे नोंद कोणत्या क्लासची ते सांगा, प्रॉपर्टीचं नाव नुसत्या मजकुरात घेणारे सगळे इव्हॅल काढून तिथे आयटम लिहा, चुका बिल्डलाच (प्रोग्रॅम बांधतानाच) सापडतील, पान पळेल, वर सुरक्षितही होईल. एएसपी डॉट नेट ४.५ मध्ये, म्हणजे २०१२ साली ही सोय आली. नव्या पानात मीही तीच वापरतो, पण या कारणांसाठी नाही.

‘चुका बिल्डलाच सापडतात.’ वेब अ‍ॅप्लिकेशन प्रोजेक्टच्या नेहमीच्या बिल्डमध्ये कोड-बिहाइंड (पानामागचा सी शार्प कोड) कंपाइल होतो. मार्कअप (पानाची एचटीएमएलसारखी फाइल) कंपाइल होतं ते पानाची पहिली रिक्वेस्ट आल्यावर, सर्व्हरवर. क्लासमधल्या प्रॉपर्टीचं नाव बदललं आणि मार्कअपमध्ये जुनंच राहिलं, तरी बिल्ड बिनबोभाट पार पडतं. बोंब उठते ती ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये. फाइल एडिटरमध्ये उघडी असेल तर लाल रेघ दिसते, पण सगळी पानं कोण उघडून बसतंय? बिल्डलाच पकडायचं असेल तर मार्कअपही प्रीकंपाइल करणारी पायरी स्वतः जोडावी लागते. एक मात्र मान्य: आयटमची चूक निदान पान कंपाइल होताना फुटते. इव्हॅलमधलं चुकलेलं नाव यादीत एखादी नोंद येईपर्यंत दडून राहतं. टेस्ट डेटाबेस रिकामा असला की सगळं छान!

‘पान पळतं.’ इव्हॅल रिफ्लेक्शनवर (प्रोग्रॅम चालू असताना नावावरून प्रॉपर्टी शोधण्यावर) चालतो, हे खरं. पण वीस ओळींच्या यादीत तो खर्च कुणाला जाणवणार? आधी डेटाबेसची क्वेरी आणि फुगलेला व्ह्यूस्टेट (पानाबरोबर ये-जा करणारा दडलेला डेटा) बघा.

‘सुरक्षित होतं.’ अजिबात नाही. एचटीएमएल एन्कोडिंग (स्क्रिप्ट न चालवता नुसता मजकूर म्हणून दाखवणं) होतं ते ‘<%#:’ या खुणेतल्या हॅशपुढच्या कोलनमुळे. तो कोलन इव्हॅललाही लागतो आणि आयटमपुढे विसरलात तर स्क्रिप्ट जशीच्या तशी पानात उतरते.

आणि ‘नुसतं शोधा-बदला केलं की झालं’ म्हणणाऱ्यांसाठी: इव्हॅलला ‘ग्राहक डॉट नाव’ असा मार्ग दिला आणि ग्राहकच नल (म्हणजे नसलेलाच) असला, तर तो मुकाट्यानं रिकामी जागा दाखवतो. आयटम डॉट ग्राहक डॉट नाव मात्र तिथेच नल रेफरन्सनं कोसळतो. वर्षानुवर्षं चालणारं पान ‘सुधारणे’नंतर पडतं ते बहुधा इथे. प्रश्नचिन्ह-डॉट लिहून वाचता येतं, पण ते सी शार्प ६ चं. जुन्या प्रोजेक्टमध्ये मार्कअपसाठी रोझलिन या नव्या कंपायलरचं कोडडॉम पॅकेज बसवलेलं नसेल तर तेही कंपाइल होत नाही.