पीएफ कसा अडकवावा

म्हातारपणी पोरांपुढे हात पसरायची हौस असेल, तर तयारी तरुणपणीच सुरू करा. साठीत तेवढी धावपळ झेपत नाही.

नोकरीच्या पहिल्या दिवशी पुढ्यात फॉर्मांचा गठ्ठा येतो. वाचू नका, फुल्या असतील तिथे सह्या ठोका. तुमचं नाव कॉम्प्युटरवर कोण कसं टाइप करतंय, तिकडे तर ढुंकूनही बघू नका. आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे बापाच्या नावासकट. माझे वडील विठ्ठल. आधारवर त्यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन टी आहेत, २०११ साली माझ्या पहिल्या कंपनीनं पीएफला एकच लावला. परवा पैसे काढायला गेलो तर अर्ज नामंजूर, नाव जुळत नाही. अठ्ठावीस युगं उभा असलेला विठ्ठल एका टीवर अडला! दुरुस्तीला जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे आपला आणि कंपनीचा मिळून एक अर्ज, त्यावर जुन्या कंपनीची मान्यता. तिथल्या एचआरच्या पोराला फोन केला. ‘सर, पोर्टल डाउन आहे.’ पुढच्या आठवड्यात, ‘सर, डिजिटल सिग्नेचर एक्स्पायर झालीय.’ तिसऱ्यांदा म्हणाला, ‘सर, हे तुम्ही स्वतःच का नाही करत?’ अरे बाबा, स्वतः करता येतं ते १ ऑक्टोबर २०१७ नंतर यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मिळालेल्यांना. माझा २०१४चा. बरं, नोकरी सोडल्याची तारीखही यांनी भरलेली नाही. ती आपण भरावी तर आधार जोडलेलं हवं, आधार जोडावं तर नाव जुळायला हवं, आणि नाव जुळवायचं तर पुन्हा तोच पोरगा!

असो. पुढचे उपाय सोपे आहेत.

नोकरी बदलली की जुना पीएफ काढून बुलेट घ्या. पाच वर्षं भरली नसतील तर त्यावर कर लागेल, तेवढीच देशसेवा.

नॉमिनीचा रकाना रिकामा ठेवा. वारस भांडतील, पण त्या निमित्तानं बोलत तरी राहतील.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बायकोच्या मावसभावाकडून एंडोमेंट पॉलिसी, म्हणजे विम्यात घुसवलेली बचत, घ्या. नव्या करप्रणालीत असल्या बचतीवरची ८०-सीची वजावट नाही, हे सांगून त्याचं टार्गेट बुडवू नका.

पीएफसोबतच्या पेन्शनची तर काळजीच नको. पीएफमधल्या कंपनीच्या वाट्यातून पगाराचे ८.३३ टक्के तिकडे जातात, पण पगार धरायचा १५,०००. म्हणजे पगार लाख असला तरी महिन्याला जाणार १,२५०. पेन्शनचं सूत्र सोपं आहे, हाच धरलेला पगार गुणिले वर्षं भागिले ७०. पस्तीस वर्षं राबलात तर महिन्याला साधारण ७,५०० रुपये. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० आहे. गॅस सिलिंडर आला की महिना संपला, हिशेब ठेवायची कटकट नाही.

काल ऑफिसात एका पंचवीस वर्षांच्या मुलाला विचारलं, पीएफचं पासबुक शेवटचं कधी बघितलंस? म्हणाला, ‘दादा, पासबुक म्हणजे बँकेचं का?’ आयपीएलची टीम लावायला याला रोज तासभर मिळतो. गाढवा, दर महिन्याला बेसिकच्या बारा टक्के तुझ्या पगारातून कापतात! तेवढेच कंपनीनं भरायचे असतात. ते भरतात की नाही, हे तू नाही बघणार तर कोण बघणार, तुझी आजी? पाच मिनिटं लागतात. नाव बघ, बापाचं नाव बघ, जन्मतारीख बघ, आधीच्या नोकरीची सोडल्याची तारीख बघ. चूक असेल तर आत्ता भांड, तिथले लोक तुला ओळखतात तोवर. मी तेरा वर्षं बघितलं नाही. मीही गाढवच.

आणि तो एचआरचा पोरगा. आज त्याचा मेल आला, ‘विल रिव्हर्ट शॉर्टली’. खाली त्याचं स्वतःचं नाव, बापाच्या नावासकट, एकही अक्षर न चुकता.