टॉकीज, इंजिनेर आणि मास्तरांचा फ्लॅशबॅक

टॉकीजच्या आवारात जेसीबी येऊन उभा राहिला, एवढं निमित्त आमच्या ओट्याला आठवडाभर पुरलं. कोणी घेतली, केवढ्याला गेली, हे इथे लिहीत बसत नाही. ज्याला माहीत नाही असा माणूस आमच्या तालुक्यात अजून जन्मायचाय. मंगल कार्यालय होणार हे नक्की. वर गाळे किती मजले, एवढाच काय तो प्रश्न.

वाद पेटवला इंजिनेरने. हा आमचा वर्गमित्र. हिंजवडीला असतो, गावाकडे दिवाळीला येतो आणि कोणी वारलं तर येतो. या खेपेला दिवाळी होती. आदल्या रात्री त्याने ग्रुपवर हातभर मेसेज टाकला होता. 'आपल्या बालपणाचा खांब कोसळतो आहे' अशी सुरुवात, शेवटी रडक्या चेहऱ्यांची रांग. तो कोणीच पूर्ण वाचला नव्हता, पण हात सगळ्यांनी जोडले होते.

"आपण काहीतरी केलं पाहिजे," तो ओट्यावर टेकता टेकताच म्हणाला. "निदान दर्शनी भाग तरी वाचवू. प्युअर आर्ट डेको आहे तो."

"काय आहे?" बापूंनी विचारलं.

"आर्ट डेको, बापू. मरीन ड्राइव्हच्या इमारती आहेत ना, तीच शैली. २०१८ साली त्यांना युनेस्कोचा दर्जा मिळाला."

"मिळाला असेल भो. आपल्या इथं शेठनं गावातलाच मिस्त्री धरून बांधून घेतलं. तो वरचा गोल भाग म्हणतो ना तू, तो गोल करायचाच नव्हता. सेंटरिंग फुगलं."

बापू टॉकीजचे ऑपरेटर. मिसरूड फुटायच्या आधी केबिनमध्ये झाडू मारायला लागले, ते २०२० च्या मार्चमध्ये शटर पडेपर्यंत तिथेच. इथे बापूंनाच चांगली वाक्यं मिळालीत अशी तक्रार कोणी करणार असेल तर आधीच सांगतो, ती त्यांचीच आहेत. बाकीच्यांनीही बोलावं चांगलं, लिहायला मी बसलोच आहे.

वकिलाने चष्मा वर केला. तो चष्मा वर करतो तेव्हा कलम येतं. "टॉकीज सरकारने मारली. करमणूक कराचा कायदा १९२३ चा! इंग्रज गेले, कर राहिला. जीएसटी आला तेव्हा कुठे २०१७ मध्ये सुटका झाली."

"तोपर्यंत पब्लिकची पण सुटका झाली होती," बापू म्हणाले. "आन् कराचं तू मला नको सांगू. तहसीलमधून साहेब यायचा बुकं तपासायला. शेठ त्याला बाल्कनीत बसवायचा, गार सोडा पाजायचा. साहेब वर सोडा पिऊ राहिला आणि खाली डोअरकीपर तिकीट न फाडता खिशात टाकू राहिला. तेच तिकीट पुन्हा खिडकीवर. सरकारनं शेठला मारलं का शेठनं सरकारला, ते देवालाच माहीत."

"म्हणजे हा पुरावा झाला," वकील म्हणाला.

"त्याच तिकिटावर तू आत आलेला, वकील. साक्षीला येतो का?"

मग कोणी मारली याची यादीच निघाली. मास्तरांच्या मते टीव्हीने. १९८७ च्या जानेवारीत रामायण सुरू झालं आणि रविवारी सकाळी गावात कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसेना, तर टॉकीजला कोण जाणार? मी व्हिडिओवाल्यांचं नाव घेतलं. भाड्याचा व्हीसीआर आणून गच्चीवर रात्रभर तीन तीन पिक्चर चालायचे. इंजिनेरने मल्टिप्लेक्स, ओटीटी, 'अटेन्शन स्पॅन' असं बरंच काही सांगितलं. हाताने आलेखही काढून दाखवला, उतरता.

बापूंनी तंबाखू मळून होईपर्यंत सगळं ऐकून घेतलं. "व्हीसीआर कोणाकडं होता? बाल्कनीवाल्याकडं. पहिल्यांदा तोच गेला. थर्डवाला शेवटपर्यंत येत होता, घाम पुसत. तुम्ही म्हणता टॉकीज मेली. तुमच्यापुरती ती पंचवीस वर्षं आधीच मेली होती. नंतर आम्ही पिक्चर लावत होतो ते काय भुताला?"

इंजिनेर थोडा वरमला, पण असे लोक वरमले की तत्त्वज्ञानाकडे वळतात. "मला काय म्हणायचंय, टॉकीजमध्ये सगळं गाव एकत्र यायचं. ना जात, ना पैसा. अंधारात सगळे सारखे. हे आता कुठे मिळतं?"

"सारखे?" बापू म्हणाले. "थर्डला बाकडी, पाठीला टेका नाही. सेकंडला खुर्ची, फाटकी. बाल्कनीला गादी. तुझे वडील कुठं बसायचे?"

"बाल्कनीत. पण—"

"पासावर."

याचे वडील पंचायत समितीत होते. हे ओट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे आणि दर दिवाळीला एकदा तरी निघतं.

चहाचा ट्रे घेऊन मावशी कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्यांचा ठेला ओट्याला लागूनच, त्यामुळे आमचं सगळं त्यांना ऐकू जातं आणि त्या क्वचितच मध्ये पडतात.

"एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे त्या टॉकीजसाठी रडू राहिले. तिथं बायकांना मुतारी कुठं होती?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मागच्या बाजूला होती ना?" मास्तर म्हणाले.

"मागे भिंत होती, सर. ती पुरुषांची."

मावशींनी ग्लास मांडत मांडत पुढचं सांगितलं. १९९१ ला 'माहेरची साडी' आला, तेव्हा खेड्याखेड्यांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बायका आल्या होत्या. लेडीज खिडकीवर एवढी झुंबड की जाळी वाकली. मावशी नव्या नव्या लग्नाच्या, सासूबरोबर गेलेल्या. सासूने घरून निघतानाच बजावलं होतं, सकाळपासून पाणी पिऊ नको. "इंटरवलला बाप्ये सोडा प्यायला बाहेर. आम्ही जागच्या जागी. सगळं थिएटर रडत होतं. मी पण रडले. पण मी पिक्चरसाठी नव्हते रडत."

इंजिनेरने 'हा पण एक महत्त्वाचा मुद्दा आहे' असं काहीतरी म्हटलं. मीटिंगमध्ये म्हणत असावा. बापूंकडे उत्तर नव्हतं, आणि असं क्वचित होतं. ते कान खाजवत राहिले. मग म्हणाले, "शेठला दोनदा बोललो होतो. तो म्हणे, बांधली तर पाणी कोण भरंल."

"तेच," असं म्हणून मावशी रिकामा ट्रे घेऊन गेल्या.

टॉकीज वाचवायचा विषय इथे संपायला हरकत नव्हती. पण दिवाळीची सुट्टी संपायची होती. इंजिनेर म्हणाला, ठीक आहे, बिल्डिंग जाऊ दे, प्रोजेक्टर तरी वाचवू. भंगारवाल्याकडे पडलाय, किलोवर देतोय. "मी घेतो. पॉलिश करून हॉलमध्ये ठेवीन. आत एक एलईडी बसवला की स्टॅंडिंग लॅम्प होतो. पुण्यात एका रेस्टॉरंटमध्ये पाहिलाय मी."

"कोणता घेतो?" बापूंनी विचारलं. "उजवा का डावा?"

"दोन होते?"

आता इथे बापूंचा आवाज बदलला. रागावले नाहीत. शिकाऊ पोराला सांगावं तसं सांगायला लागले. फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. एक मोठं रीळ वीस-बावीस मिनिटांत संपतं, मग पब्लिकला न कळता दुसऱ्या मशीनवर जायचं. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका येतो, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. तो आला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू. मग सात-आठ सेकंद, आणि दुसरा ठिपका. त्या क्षणाला इकडचं झाकण बंद, तिकडचं उघडं. "ठिपका तुम्ही कोणी पाहिलाय का? तीन तास टॉकीजमध्ये बसून? नाही ना. मी पिक्चर पाहिलाच नाही, मी ठिपका पाहिला."

आणि हे करताना दुसरा डोळा कार्बनवर. दोन कांड्या समोरासमोर, मध्ये ठिणगीचा पांढराफक उजेड. कांड्या जळत जातात तशा हाताने पुढे सरकवायच्या. अंतर वाढलं की पडद्यावर उजेड पिवळा पडतो, आणि खालून थर्डातून पहिली शिवी येते. पंख्याची हवा त्या ठिणगीला चालत नाही म्हणून बापूंनी पंखाच लावला नव्हता. मे महिन्यात, आमच्या खान्देशात, पत्र्याखाली.

"फिल्मची पेटी भुसावळहून यायची," बापू म्हणाले. "वितरकांची ऑफिसं तिथं. पॅसेंजर लेट झाली की शो लेट, स्टेशनावर मीच उभा. नंतर ते पण गेलं. २०१३ च्या पुढं मागं प्रिंट यायच्याच बंद झाल्या. छपरावर सॅटेलाइटची छत्री बसली. कंपनी तिकडून पिक्चर उघडायची किल्ली पाठवते आणि मी इकडं बटन दाबतो. तिला काय ऑपरेटर लागतो का? २०१६ ला 'सैराट' लागला, हाऊसफुल्लचा बोर्ड माळ्यावरून काढून पुसून लावला, लोक दारात उभे. आणि मी केबिनमध्ये हात बांधून बसलेलो. ठिपका नाही, काही नाही."

"मग मी प्रोजेक्टर घेऊ की नको?" इंजिनेर.

"घे ना. पण जोडीनं ने. एकट्या मशीनवर वीस मिनिटांच्या पुढं काही दिसत नाही."

वकील म्हणाला, कोणी काही नेण्याआधी आपण स्टे आणू. यावर हसू आवरेना, कारण वकिलाच्या स्वतःच्या शेताच्या बांधाची केस त्याच्या वडिलांनी लावलेली आहे आणि ती आता त्याचा मुलगा चालवेल अशी चिन्हं आहेत.

मास्तर मात्र गंभीर होते. त्यांना टॉकीजबद्दल खरंच वाटतं, हे मान्य करायला हवं. दुपारी बाराच्या शोला शाळेतली पोरं पकडायला ते टॉकीजच्या दारात उभे राहायचे. मी स्वतः दोनदा कान देऊन आलोय. मात्र रात्रीच्या शोला पहिल्या रांगेतली सायकल त्यांचीच असायची.

"बापू, तुमच्या टॉकीजनं मला सिनेमा शिकवला," मास्तर म्हणाले. "तो एक पिक्चर आठवतो? बाप मरतो, अंत्ययात्रा निघते. आणि पुढच्याच दृश्यात तोच बाप मुलीचं लग्न लावतोय, फेटा बांधून हसतोय. सूचना नाही, धुरकट पडदा नाही, एकदम! असा फ्लॅशबॅक मी आजवर पाहिला नाही. दहावीच्या वर्गात त्याच्यावर एक तास घेतला होता मी. मेल्यानंतर माणूस आठवणीत जास्त जिवंत असतो, असं ते—"

"सर," बापू म्हणाले.

"हां?"

"तो फ्लॅशबॅक नव्हता. आठवं रीळ नवव्याच्या मागून लागलं."

मास्तरांचा ग्लास ओठापाशीच थांबला.

"डब्यावरचे नंबर पुसले होते. भुसावळवाले कधी नीट लिहीत नसत. बाप मेला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ह्याचं तर अजून पोरीचं लग्न लावायचं राहिलंय. आता शो थांबवला तर थर्डवाले बाकडी फोडतील. म्हटलं, जाऊ दे. लावून टाकलं लग्न."

"कोणी तक्रार नाही केली?" मी विचारलं.

"एक जण आला दुसऱ्या दिवशी. तोवर मी सरळ लावला होता. बाहेर निघताना म्हणे, काल जास्त भारी होता."

वकील एकदम उठून उभा राहिला. चष्मा वरच होता. "एक मिनिट. मी त्या वर्गात होतो. मी हात वर करून म्हणालो होतो, सर, चुकून लागलं असेल. आठवतं? तुम्ही मला पूर्ण तास बाकावर उभं केलं. सगळ्या मुलींसमोर!"

"तू आगाऊ होतास," मास्तर म्हणाले.

"मी बरोबर होतो! नुकसानभरपाई पाहिजे. व्याजासकट."

"आधी स्टे आण," बापू म्हणाले, आणि इंजिनेरच्या अंगावर माझा चहा सांडला.