रजेच्या वादात आजार राहूनच गेला

कर्नाटक सरकारने 2025 मध्ये नोकरदार बायकांना महिन्याला एक दिवस पगारी पाळी-रजा मंजूर केली आणि आपल्याकडे जुनाच वाद नव्याने पेटला. एक म्हणतात, आमच्या आज्या पाळीतही दळण-कांडण करत होत्या, त्यांनी कुणाकडे रजा मागितली? दुसरे म्हणतात, अशी रजा दिली तर कंपन्या बायकांना घेणारच नाहीत. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भीती बोलून दाखवली आणि हा धोरणाचा प्रश्न आहे म्हणत सरकारकडे सोपवला. डिसेंबर 2023 मध्ये स्मृती इराणी राज्यसभेत म्हणाल्या की पाळी हे काही अपंगत्व नाही, ते वाक्यही अजून फिरतंय. आणि आता तिसरा गट आलाय, त्याचं म्हणणं असं की पूर्वजांनी बायकांना चार दिवस बाजूला बसवलं ती खरं तर विश्रांतीच होती.

इंग्लंडमध्ये बसून हे सगळं वाचताना माझा संताप होतो, आणि रजा द्यावी की नाही यावरून तो होत नाही. सगळे पाळीबद्दल भांडतायत आणि पाळीआड लपलेल्या आजाराचं नावही कुणी घेत नाही, यावरून होतो. एंडोमेट्रिओसिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळी येण्याच्या वयातल्या सुमारे 10 टक्के मुली-बायकांना, म्हणजे जगभरात 19 कोटींच्या आसपास जणींना तो आहे. दहातल्या एकीला असणारा आजार चर्चेत नसेल, तर चर्चा कशाची चाललीय?

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात: बीजकोशांवर, गर्भाशयाला मागून धरून ठेवणाऱ्या बंधांवर, आतड्यावर, मूत्राशयावर, क्वचित छातीखालच्या पडद्यावरही. हार्मोन्सच्या तालावर त्याही फुगतात, त्यांच्यातूनही रक्त येतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग सूज, व्रण, आणि एक अवयव दुसऱ्याला चिकटणं. बीजकोशात जुनं रक्त साठून घट्ट तपकिरी झालं की ती आपल्याकडच्या रिपोर्टांत दिसणारी ‘चॉकलेट सिस्ट’. वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील होते, मग पाळी नसतानाही ओटीपोट, कंबर, मांड्या दुखत राहतात. आजार किती पसरलाय आणि किती दुखतंय यांचा मेळ नसतो. कुणाच्या पोटात दोन-चार ठिपके असतात आणि ती फरशीवर आडवी पडते. कुणाच्या दोन्ही बीजकोशांत मोठ्या गाठी असतात आणि मूल का होत नाही म्हणून तपासणी होईपर्यंत तिला पत्ताही नसतो.

तेव्हा ‘चार दिवसांची विश्रांती’ म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. हा आजार चार दिवस पाळत नाही. पाळीच्या आधी दोन-तीन दिवस सुरू होतो, काहींना महिन्याच्या मधोमध बीज सुटताना पुन्हा होतो. पाळीत शौचाला बसलं की सुरी फिरवल्यासारखी कळ येते, म्हणून कित्येकजणी त्या दिवसांत जेवणच कमी करतात. पोट असं फुगतं की सकाळी बसलेली सलवार संध्याकाळी बसत नाही. शिवाय बाजूला बसलेल्या बाईला शेतातलं काम, शेण-गोठा, लाकूडफाटा काही चुकत नव्हता. तिला चुकत होतं ते देवघर आणि स्वयंपाकघर. तिला विश्रांती कुणी दिलीच नव्हती, फक्त शिवायचं टाळलं होतं.

इथे पाळी-रजा नावाची रजाच नाही, हे आपल्याकडच्या दोन्ही बाजूंना सांगितलं तर दोन्ही बाजू चक्रावतील. पण सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला डॉक्टरचं पत्र लागत नाही, स्वतःच लिहून द्यायचं. दुखणं वर्षभर किंवा अधिक टिकणारं आणि रोजच्या जगण्यावर लक्षणीय परिणाम करणारं असेल तर ते 2010 च्या समानता कायद्याखाली अपंगत्वात बसू शकतं. बसतं की नाही हे आजाराच्या नावावरून नाही, परिणामावरून ठरतं. मग मॅनेजरला आणि ऑक्युपेशनल हेल्थला, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या आरोग्य विभागाला सांगून ठोस मागण्या करता येतात: पाळीच्या आठवड्यात घरून काम, टॉयलेटजवळची जागा, सकाळी उशिरा सुरुवात, दवाखान्याच्या वेळा रजेत न धरणं. पाळी हे अपंगत्व नाही, अगदी कबूल. पण हा आजार एखादीला अपंग करू शकतो, हे इथल्या कायद्याला कळतं आणि आपल्याकडच्या वादात त्यावर अवाक्षर निघत नाही.

आता तिकडून कुणी विचारेल, तुमच्या इंग्लंडमध्ये निदान तरी लवकर होतं का? नाही होत. एंडोमेट्रिओसिस यूके या संस्थेच्या 2024 च्या अहवालात निदानाला लागणारा सरासरी काळ 8 वर्षं 10 महिने निघाला, आणि 2020 मध्ये तो 8 वर्षं होता. म्हणजे वाढलाच. सकाळी आठला फोन, रांगेत चौदावा नंबर, मग जीपी, म्हणजे नेहमीचा डॉक्टर, मग पॅरासिटामॉल, मग गोळ्या, मग तज्ज्ञाकडे रेफरल, मग वर्षभर वाट बघणं. उपचार कसे करावेत हे ठरवणाऱ्या नाइस या इथल्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की तपासणी किंवा सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आजार नाही असं धरू नका. तरी नॉर्मल रिपोर्ट हातात देऊन घरी पाठवलेल्या बायका इथेही कमी नाहीत.

आपल्याकडे सोनोग्राफी त्याच दिवशी होते, आणि खरं सांगायचं तर त्याचा हेवा वाटतो. पण कसली सोनोग्राफी? मुलीचं लग्न झालेलं नसेल तर लिटरभर पाणी प्यायला लावून पोटावरून. पोटावरून मोठी गाठ दिसेल, पण गर्भाशयामागचा आजार, आतड्याला चिकटलेला भाग सहसा दिसत नाही. त्यासाठी योनिमार्गातून करायची सोनोग्राफी लागते, करणाऱ्याचा हात त्यात तयार असावा लागतो, आणि प्रोब हलवून अवयव एकमेकांवरून सरकतात की चिकटलेत हे बघावं लागतं. ती नको असेल तर गुदमार्गातून सोनोग्राफी किंवा एमआरआय असे पर्याय आहेत, आणि ते मुलीला सांगितले गेले पाहिजेत. पोटाच्या आवरणावरचे उथळ ठिपके तर यातल्या कशातच भरवशाने दिसत नाहीत. ‘सगळं नॉर्मल आहे, सहन करायला शिक’ हे वाक्य अशा अर्धवट तपासणीवर उभं असतं. त्यात सीए-125 ची रक्ततपासणी लिहून देतात. तिच्यावरून हा आजार आहे किंवा नाही हे ठरत नाही, पण कॅन्सरशी जोडलेलं तिचं नाव इंटरनेटवर वाचून अख्खं घर आठवडाभर झोपत नाही.

गोळ्यांचंही तसंच. आपल्या बहुतेकींच्या पर्समध्ये मेफ्टाल स्पास असते आणि बहुतेकजणी ती उशिरा घेतात, अगदी सहन होईनासं झाल्यावर. तिच्यातलं मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयब्युप्रोफेन हे प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे कळा आणणारं शरीरातलं रसायन, तयार होणं अडवतं. एकदा ते तयार होऊन कळा सुरू झाल्या की गोळीचा जोर कमी पडतो. म्हणून पाळी येणार असं वाटताच, शक्य तर आदल्या दिवसापासून, डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत, ठरल्या वेळांनी दोन-तीन दिवस घ्यायची, आणि पोटात अन्न असताना. उपासाच्या दिवशी रिकाम्या पोटी नाही. दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारून. 2023 च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक अ‍ॅसिडच्या एका दुर्मीळ पण गंभीर अ‍ॅलर्जीचा इशारा दिला होता, तेव्हा गोळीनंतर ताप आणि अंगावर पुरळ आलं तर ती थांबवून दवाखाना गाठायचा. आणि गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून. वर्षानुवर्षं थेट त्वचेवर शेकलं की पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. डॉक्टरने परकर जरा खाली सरकवून बघितलं तर ‘थोडंसं दुखतं’ म्हणणारी बाई किती वर्षं शेकतेय ते त्या डागांवरून कळेल.

हार्मोनच्या गोळ्यांचं नाव काढलं की आपल्या घरांत चेहरे बदलतात. ‘लग्नाआधी असल्या गोळ्या? पुढे मूल होणार नाही.’ आणि त्याच घरात गौरी-गणपती आले, सत्यनारायण ठरला, की केमिस्टकडून पाळी पुढे ढकलायची गोळी बिनबोभाट येते. ती गोळी म्हणजे नॉरइथिस्टेरॉन, हार्मोनच. आणि हेच नॉरइथिस्टेरॉन एंडोमेट्रिओसिसच्या उपचारातही वापरतात! देवासाठी चालतं, तिच्या दुखण्यासाठी चालत नाही. हे लिहिताना माझा हात थरथरतो, इतका मला याचा राग आहे. डायनोजेस्ट 2 मिलिग्रॅम रोज एक, खंड न पाडता, हा भारतात सहज मिळणारा उपचार आहे. पहिले काही महिने अधूनमधून डाग पडतात, ते बघून घाबरून पुष्कळजणी गोळी सोडतात. तेवढं आधी सांगितलं असतं तर सोडली नसती. मन खूप खचायला लागलं तर मात्र ते डॉक्टरला सांगायचंच, अंगावर काढायचं नाही.

‘लग्न झालं की थांबेल, एक मूल झालं की बरं होईल’ हा सल्ला तर काकू, मावशी आणि कधी कधी डॉक्टरही देतात. युरोपातल्या तज्ज्ञ संस्थेची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं उघड सांगतात की केवळ या आजाराचा उपचार म्हणून गरोदर राहण्याचा सल्ला देऊ नये. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काही काळ काहींना बरं वाटतं, एवढंच. आणि त्या लग्नात काय होतं? शरीरसंबंधात खोलवर दुखतं, नंतर दोन दिवस दुखत राहतं. ती टाळायला लागते, त्याला वाटतं आपण नकोसे आहोत. ती कारण सांगत नाही, कारण असं काही सांगायचं असतं हेच तिला कुणी शिकवलेलं नसतं. या आजारात दुखण्याइतकंच झिजवतं ते रोज स्वतःला सिद्ध करत राहणं: आपण आळशी नाही, नाटकी नाही, थंड नाही. जेव्हा एकदाचं निदान होतं तेव्हा बायका रडतात, आणि पुष्कळदा ते रडू सुटकेचं असतं.

रजेच्या वादात आणखी एक बाई नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, उचल आधीच घेतलेली, आणि एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. अशा बाईला पोट दुखतं, अंगावरून जातं म्हटलं की पिशवीच काढून टाकायचा सल्ला मिळत होता. आणि ज्या बाईला खरोखर एंडोमेट्रिओसिस असेल तिचा आजार पिशवीबाहेर असतो. तो मागे ठेवून पिशवी काढली तर दुखणं राहू शकतं, आणि बीजकोशही काढले तर तिशी-पस्तिशीत रजोनिवृत्ती आणि ठिसूळ हाडं. तिला पाळी-रजा कोण देणार? आयटी कंपनीतल्या रजेवर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांनी फडातल्या खाड्यावर चार ओळी लिहाव्यात.

मी हे दूरवरून लिहितेय आणि दूरवरून लिहिणं सोपं असतं, ते मला ठाऊक आहे. इथे आपल्यातल्या कितीतरी मराठी मुली एनएचएस या इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या यादीला कंटाळून डिसेंबरच्या सुट्टीत पुण्या-मुंबईला जातात, आठवड्यात एमआरआय आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया करून येतात. तिथे या शस्त्रक्रियेत निष्णात सर्जन आहेत. जाणाऱ्यांनी सर्जनला आधीच विचारावं की आजार कापून काढणार की नुसता जाळणार. चॉकलेट सिस्ट नुसती रिकामी केली तर पुन्हा भरते, आणि वारंवार सोलून काढली तर बीजांचा साठा घटतो, म्हणून तो साठा दाखवणारी एएमएच ही रक्ततपासणी आधी करून ठेवावी. ऑपरेशनच्या सविस्तर नोंदी, फोटो किंवा व्हिडिओ, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि एमआरआयची सीडी सोबत घेतल्याशिवाय विमानात बसू नये. पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखतो तो पोटात भरलेल्या वायूमुळे. आतड्यावर काम झालं असेल तर परतीचं तिकीट सर्जनला विचारूनच काढावं.

आणि तिकडे त्या दिवसांत उशाशी माणसं असतात. मऊ भात, लिंबाचं लोणचं, न विचारता बदललेलं शेकायच्या पिशवीतलं पाणी. इथे माझ्या पाठीशी कायदा आहे, पण नवरा कामावर गेला की दुपारी दार वाजवणारं कुणी नाही. इंग्लिश मैत्रिणींसमोर मी भारताची बाजू घेते, भारतातल्या वादात इंग्लंडचा दाखला देते, आणि दोन्हीकडे अर्धंच सांगते. तिथली माणसं आणि इथला हक्क एका ठिकाणी मिळावा, असं मला वाटतं. ते कुठे मिळतं हे मला अजून सापडलेलं नाही.

महाराष्ट्रात पाळी-रजेचा कायदा यायचा तेव्हा येवो. एक पैसाही न लागणारी एक गोष्ट मात्र आजपासून करता येईल. तालुक्याच्या दवाखान्यात पंधरा वर्षांची मुलगी पोट दुखतं म्हणून आली की तिला विचारा: पाळीच्या किती दिवस आधी सुरू होतं, शौचाला-लघवीला त्या दिवसांत दुखतं का, महिन्याला किती दिवस शाळा बुडते, घरात आई-मावशी-बहिणीला असंच होतं का. लग्न झालेली असेल तर संबंधांच्या वेळी दुखतं का, हेही. आणि हे विचारताना सोबत आलेल्या सासूला किंवा आईला दोन मिनिटं बाहेर बाकावर बसायला सांगा.